गारफिल्ड यांचा मृत्यू आणि किश्श्यांचे मोल

अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांची पदावर असताना हत्या झाली. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन, १८८१ मध्ये जेम्स गारफिल्ड, १९०१ मध्ये विल्यम मॅकिन्ली आणि १९६३ मध्ये जॉन केनेडी. लिंकन आणि केनेडी जगाच्या स्मरणात राहिले. गारफिल्ड यांचे नाव मात्र फारसे कुणाला आठवत नाही, आणि ज्यांना आठवते त्यांना आठवतात ते किस्से. त्या किश्श्यांचे इतिहासाच्या दृष्टीने मोल काय, हा इथला प्रश्न आहे. आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत समोरच्याचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे, अशी शिस्त होती. तीच इथे पाळली आहे. पूर्वपक्ष किश्श्यांना कंटाळलेल्या गंभीर अभ्यासकाचा आहे आणि उत्तरपक्ष प्रस्तुत लेखकाचा.

पूर्वपक्ष : राष्ट्राध्यक्षांच्या हत्यांविषयी जे काही ‘फारसे ठाऊक नसलेले’ म्हणून सांगितले जाते, त्यातले बहुतेक काकतालीय न्यायाचे नमुने असतात. कावळा बसला आणि फळ पडले, एवढाच त्यांचा अर्थ. लिंकन आणि केनेडी यांच्यातली साम्यांची यादी पाहा. दोघांच्या निवडणुकांत शंभर वर्षांचे अंतर, दोघांवर गोळी झाडली गेली ती शुक्रवारी, दोघांनंतर पदावर आलेल्यांचे आडनाव जॉन्सन. यातून काय कळते? रॉबर्ट लिंकन यांची गोष्टही त्याच जातीची. ते अब्राहम लिंकन यांचे थोरले चिरंजीव. वडिलांच्या मृत्युशय्येजवळ ते होते. गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली तेव्हा त्याच स्थानकात होते आणि मॅकिन्ली यांच्यावर हल्ला झाला त्या दिवशी बफेलो शहरी येऊन पोहोचले होते. वर आणखी असे की, तरुणपणी रेल्वेच्या फलाटावरून खाली घसरताना ज्याने त्यांना कॉलर धरून वर ओढले, तो नट एडविन बूथ हा लिंकन यांच्या मारेकऱ्याचा सख्खा भाऊ. ऐकणारा थक्क होतो हे मान्य. पण थक्क झालेला माणूस विचार करायचे थांबवतो. इतिहासाचे काम कारणे शोधण्याचे आहे आणि किस्से नेमके त्याच्या आड येतात.

उत्तरपक्ष : साम्यांच्या यादीबद्दल तुमच्याशी माझे पूर्ण एकमत आहे. उलट मी आणखी पुढे जाईन. त्या यादीत नुसता योगायोग नाही, असत्यही मिसळलेले आहे. केनेडी यांच्या सचिवांचे आडनाव लिंकन होते, हे खरे. पण लिंकन यांच्या सचिवाचे नाव केनेडी होते, या दाव्याला आधार नाही. त्यांचे सचिव ‘निकोले’ आणि ‘हे’ या आडनावांचे दोन तरुण होते. दोन्ही मारेकऱ्यांच्या जन्मात नेमके शंभर वर्षांचे अंतर दाखवण्यासाठी जॉन विल्क्स बूथचा जन्म १८३९ चा सांगतात. तो १८३८ मध्ये जन्मला. नक्षी पुरी व्हावी म्हणून तारीख वाकवायची, हा या यादीचा स्वभाव आहे. पण एवढ्यावरून सगळेच किस्से टाकाऊ ठरवणे घाईचे होईल. त्यांची निवड करायला एक साधी कसोटी पुरते. तो तपशील काढून टाकला, तर घटनेचे आपण देत असलेले स्पष्टीकरण बदलते का? बदलत नसेल तर तो करमणुकीचा. बदलत असेल तर तो पुरावा आहे, मग तो कितीही बारीक असो. रॉबर्ट लिंकन यांच्यावरच ही कसोटी लावू. एडविन बूथने त्यांना फलाटावर वाचवले, हा भाग काढला तर कुठलीच घटना वेगळी समजत नाही. पण २ जुलै १८८१ रोजी ते वॉशिंग्टनच्या बाल्टिमोर अँड पोटोमॅक स्थानकात होते, हा भाग काढता येत नाही. युद्धमंत्री या नात्याने तिथे हजर असलेल्या रॉबर्ट लिंकन यांनीच डॉक्टर ब्लिस यांना बोलावून घेतले. आणि गारफिल्ड यांचे पुढे जे झाले, त्याचा मोठा भाग ब्लिस यांच्या निर्णयांनी घडला. तोच माणूस, पण त्याच्याविषयीचा एक तपशील निव्वळ योगायोग ठरतो आणि दुसरा कारणाच्या साखळीत जाऊन बसतो.

पूर्वपक्ष : मग त्या साखळीकडेच येऊ. त्या सकाळी चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने गारफिल्ड यांच्यावर मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत शिरली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. गोळी घातली आणि माणूस मेला, यात गूढ ते काय? तरीही तुमच्यासारखे लोक डॉक्टरांच्या बोटांचे, ग्रॅहम बेलच्या यंत्राचे, बर्फाच्या गाड्यांचे किस्से काढतात आणि दोष खुन्यावरून उचलून वैद्यांच्या माथी मारतात. ब्लिस यांनी त्यांच्या काळात जे रूढ होते तेच केले. आजच्या ज्ञानाच्या मापाने त्यांना मोजणे अन्याय आहे. शिवाय मृत्यूचे कारणही वादातीत नाही. अलीकडे काही शल्यविशारदांनी शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा वाचून असे मत मांडले आहे की, मृत्यूच्या मुळाशी पित्ताशयाचा दाह असावा.

उत्तरपक्ष : आधी वस्तुस्थिती पाहू. पाठीत शिरलेली गोळी कमरेच्या पहिल्या मणक्यातून गेली, पण मज्जारज्जूला तिने इजा केली नाही. शरीराच्या डाव्या बाजूला, स्वादुपिंडाच्या मागे ती जाऊन थांबली आणि तिच्याभोवती शरीराने स्वतःचे आवरण तयार केले. अमेरिकेचे यादवी युद्ध संपून तेव्हा सोळाच वर्षे झाली होती आणि अंगात गोळी घेऊन वावरणारे, कामधंदा करणारे शेकडो सैनिक देशात होते. गोळी आत राहिली की माणूस मेलाच, असे त्या काळीही कुणी मानत नव्हते. गारफिल्ड यांच्या बाबतीत मात्र स्थानकाच्या फरशीवरच जखमेत न धुतलेली बोटे आणि सळया घालून गोळी शोधायला सुरुवात झाली. ती शोधाशोध पुढचे कित्येक आठवडे चालली. डॉक्टरांनी अशी समजूत करून घेतली की, गोळी उजवीकडे यकृताच्या दिशेने गेली आहे. शवविच्छेदनात आढळले ते असे की, उजवीकडे पुवाने भरलेला एक लांब मार्ग तयार झाला होता आणि गोळी कधी त्या दिशेला गेलीच नव्हती. एवढ्या काळात रुग्णाचे वजन सुमारे २१० पौंडांवरून १३० पौंडांच्या आसपास उतरले होते. पित्ताशयाचे मत तुम्ही आणलेत ते बरेच केलेत. ते नाकारायचे कारण मला दिसत नाही. शवविच्छेदन करणाऱ्यांनीही अखेरच्या क्षणाचे कारण म्हणून प्लीहेच्या रोहिणीतून झालेला रक्तस्राव नोंदवला आहे. पण यातले कुठलेही मत धरले, तरी ‘गोळी घातली आणि माणूस मेला’ हे एका वाक्यातले उत्तर टिकत नाही. या बारीक नोंदी जपल्या गेल्या म्हणूनच आज हा वाद करता येतो.

आता आजच्या मापाने मोजण्याचा आक्षेप. तो वजनदार आहे आणि त्याचे उत्तरही तशाच एका ‘किश्श्या’त आहे. जखमेतला पू जंतूंमुळे होतो आणि कार्बॉलिक आम्लाने हात, हत्यारे व जखम स्वच्छ ठेवली तर तो टाळता येतो, हे जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केले होते. १८७६ मध्ये ते स्वतः अमेरिकेत आले आणि फिलाडेल्फियाच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी ही पद्धत समजावून सांगितली. आनंदीबाई जोशी ज्या शहरात १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तेच हे शहर. परिषदेचे अध्यक्ष सॅम्युअल ग्रॉस हे अमेरिकेतले नामांकित शल्यविशारद होते आणि लिस्टर यांच्या म्हणण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. म्हणजे गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याच्या पाच वर्षे आधी हे ज्ञान अमेरिकेच्या दारात येऊन उभे होते. युरोपात, विशेषतः जर्मनीत, ते रुळले होते आणि अमेरिकेतल्या काही तरुण डॉक्टरांनीही ते उचलले होते. ब्लिस यांच्या उपचारांवर टीकाही त्याच काळातल्या वैद्यांनी केली. गोळीबारानंतर काही वेळातच स्थानकात आलेल्या डॉक्टरांत चार्ल्स पर्व्हिस नावाचे एक कृष्णवर्णीय डॉक्टर होते. राष्ट्राध्यक्षांवर उपचार करणारे ते पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर मानले जातात. जखमेत चाललेली चाचपणी आता थांबवावी, असे त्यांनी ब्लिस यांना सुचवल्याचे सांगितले जाते. तेव्हा हा न्याय आजच्या मापाचा नाही. तो प्रश्न त्याच काळात विचारला गेला होता आणि अधिकाराच्या जागी बसलेल्यांनी तो ऐकला नाही.

आणि ग्रॅहम बेल यांच्या यंत्राचा किस्सा तर या सगळ्याचे मर्मच उघड करतो. टेलिफोनचा शोध लावून बेल यांना तेव्हा पाचच वर्षे झाली होती. अंगातला धातू जवळ आला की टेलिफोनच्या श्रवणनळीत आवाज यावा, असे उपकरण त्यांनी घाईघाईने तयार केले आणि अंगात गोळ्या राहिलेल्या जुन्या सैनिकांवर ते वापरूनही पाहिले. तिथे ते चालले. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये ते लावले, तेव्हा गोळी सापडली नाही. याची दोन कारणे सांगितली जातात. गादीखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या, त्यामुळे यंत्र गोंधळले. आणि ब्लिस यांनी शोध उजव्या बाजूलाच घेऊ दिला, कारण गोळी उजवीकडे असल्याचे त्यांनी आधीच जाहीर करून टाकले होते. किस्सा सांगणारे बहुतेकदा पहिल्या कारणापाशी थांबतात, कारण ते गमतीचे आहे. मला दुसरे कारण महत्त्वाचे वाटते. एक नवे साधन तपासायला आले, पण काय तपासायचे ते जुन्या मताने आधीच ठरवून ठेवले होते. साधन चूक दाखवू शकत होते, पण चूक जिथे होती तिथे त्याला जाऊच दिले गेले नाही. रोज अनेक पत्रके निघत होती, त्यात रुग्ण सुधारत असल्याचे सांगितले जात होते आणि आपले निदान मागे घेण्याची वाट ब्लिस यांनी स्वतःच बंद केली होती. अधिकार एकवटला आणि प्रश्नांना मज्जाव झाला, की ज्ञान उपलब्ध असूनही वापरले जात नाही, ही या प्रकरणातली सर्वात गंभीर गोष्ट आहे. ती कळते ती या बारीक तपशिलातूनच.

दोषाबद्दल एवढेच. आपल्या खटल्यात गिटोने हाच मुद्दा वापरला की, मी फक्त गोळी झाडली, मारले ते डॉक्टरांनी. जानेवारी १८८२ मध्ये पंचांनी तो मानला नाही आणि ३० जून १८८२ रोजी त्याला फाशी झाली. पंचांचे बरोबरच होते, कारण गोळी झाडली नसती तर जखमच झाली नसती. पण गुन्ह्याची जबाबदारी ठरवणे हा एक प्रश्न आहे आणि मृत्यू कसा घडला ते समजून घेणे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका माणसाच्या नावाने देता येते. दुसऱ्याचे उत्तर तसे देऊ लागलो की, त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

पूर्वपक्ष : वैद्यकापुरते तुमचे म्हणणे घटकाभर मानू. पण राजकारणात हाच किस्सेवाद फसवा ठरतो. सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट अशी : नोकरी न मिळालेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्षांना मारले, देश हादरला आणि १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा होऊन सरकारी नोकऱ्या गुणवत्तेवर मिळू लागल्या. किती सुटसुटीत! प्रत्यक्षात सुधारणेची चळवळ आधीपासून चालू होती. १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचा पराभव झाला, तेव्हा सत्ता हातची जाण्याआधी आपल्या माणसांच्या जागा पक्क्या करण्याचा हिशेबही त्या कायद्यामागे होता. आणि गिटो मनोरुग्ण होता. वेड्याच्या कृतीतून शासनव्यवस्थेचा अर्थ काढणे हा बादरायण संबंध झाला.

उत्तरपक्ष : ही सुटसुटीत गोष्ट अपुरी आहे, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण ती अपुरी आहे हे कशामुळे कळते? १८८२ च्या निवडणुकीचा तपशील पुढे आला तेव्हा. कायदा झाला तेव्हा तो संघराज्याच्या सुमारे दहा टक्केच नोकऱ्यांना लागू होता, हे ठाऊक झाले तेव्हा. त्यावर सही करणारे, गारफिल्ड यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले चेस्टर आर्थर स्वतः न्यूयॉर्क बंदराच्या जकात खात्याचे प्रमुख होते, हे खाते पक्षाच्या वशिलेबाजीचे आगर मानले जाई, आणि १८७८ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले होते, हे समजले तेव्हा. सुटसुटीत गोष्ट रचते ती स्थूल स्मृती आणि ती मोडते ते बारीक तपशील. तुम्ही ज्यांना किस्से म्हणता, तेच इथे तुमच्या बाजूने साक्ष देत आहेत.

गिटोच्या वेडाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तो मनाने आजारी होता, हे त्याच्या आयुष्याकडे पाहता दिसते. ईश्वरानेच आपल्याला ही आज्ञा दिली, असे तो सांगत असे. पण वेडालाही भाषा भोवतालातूनच मिळते. १८८० च्या निवडणुकीसाठी त्याने एक प्रचाराचे भाषण लिहिले होते, ते मुळात माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासाठी. रिपब्लिकन अधिवेशनात छत्तिसाव्या फेरीत अनपेक्षितपणे गारफिल्ड यांची निवड झाली, तेव्हा त्याने भाषणातले नाव बदलले आणि पुढे या ‘कामगिरी’चे बक्षीस म्हणून पॅरिसमधले वाणिज्यदूताचे पद मागितले. ही मागणी हास्यास्पद होती, पण मागण्याची रीत त्याची एकट्याची नव्हती. नोकऱ्या मागणाऱ्यांची रीघ तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या दारी लागत असे. अनोळखी माणूस व्हाइट हाउसमध्ये अर्ज घेऊन जाऊ शके. गिटो गेला, परराष्ट्रमंत्री ब्लेन यांच्याकडे खेटे घालत राहिला आणि पुन्हा हा विषय काढू नकोस, असे त्यांनी एकदा खडसावून सांगितले. त्या वसंत ऋतूत न्यूयॉर्कच्या जकात प्रमुखाच्या नेमणुकीवरून राष्ट्राध्यक्षांशी भांडून सिनेटर कॉंकलिंग यांनी राजीनामा दिला होता. म्हणजे देशाचे वरिष्ठ राजकारणही जागावाटपाभोवतीच फिरत होते. पकडला गेला तेव्हा गिटोने आपण रिपब्लिकन पक्षातल्या कॉंकलिंग यांच्या ‘स्टॉलवार्ट’ गटाचे असल्याचे आणि आता आर्थर राष्ट्राध्यक्ष होतील असे सांगितले. त्याचा भ्रम त्याचा स्वतःचा होता, पण भ्रमाचा विषय त्या काळाने पुरवला होता. पक्षसेवेच्या बदल्यात सरकारी पद हा हक्क मानणारी व्यवस्था नसती, तर त्याच्या वेडाने कदाचित दुसरी कुठली दिशा घेतली असती.

कायद्याच्या मागची आणखी एक बारीक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. पेंडल्टन कायद्याचा मसुदा करणाऱ्या डॉर्मन ईटन यांनी आधी ब्रिटनच्या सनदी सेवेचा अभ्यास केला होता. ब्रिटनमधल्या सुधारणेची दिशा १८५४ च्या अहवालाने ठरवली आणि त्याच्या दोन लेखकांपैकी चार्ल्स ट्रेव्हेलियन यांची कारकीर्द ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात सुरू झाली होती. हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी खुली स्पर्धापरीक्षा १८५५ मध्येच सुरू झाली. म्हणजे अमेरिकेतल्या नोकरशाहीच्या सुधारणेला वॉशिंग्टनमधल्या एका गोळीबाराने वेग दिला, तरी तिचा वैचारिक प्रवास लंडनमार्गे हिंदुस्थानपर्यंत मागे जातो. हा तपशील नसेल, तर एका खुनाने एक कायदा आणला एवढेच आपण म्हणत राहू. तो असला की दिसते, कल्पना आधीपासून तयार होती. हत्येने तिला विरोध करणे अवघड करून ठेवले.

पूर्वपक्ष : एक आक्षेप अजून उरतो आणि तो नैतिक आहे. एक माणूस जुलै ते सप्टेंबर असा अडीच महिने वेदनेत होता. त्याची खोली थंड ठेवण्यासाठी नौदलाच्या अभियंत्यांनी बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावरून हवा सोडणारे यंत्र बसवले. त्याला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर नेण्यासाठी एल्बरॉनच्या घराच्या दारापर्यंत एका रात्रीत रेल्वेचे रूळ टाकले आणि चढावर गाडी अडली तेव्हा लोकांनी ती हातांनी ढकलली. आपण या गोष्टी चवीने सांगतो, तेव्हा त्याच्या यातनांची करमणूक करतो.

उत्तरपक्ष : चवीने सांगितल्या तर तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि तशा त्या बहुधा सांगितल्या जातात. पण न सांगणे हा त्यावरचा उपाय नाही. या दोन गोष्टींनाही तीच कसोटी लावून पाहा. रूळ टाकणारे लोक, बर्फावरून हवा खेळवणारे अभियंते आणि रात्री जागून यंत्र जुळवणारे बेल यांच्यावरून एवढे नक्की कळते की, गारफिल्ड यांच्यासाठी देशाने काही करायचे बाकी ठेवले नव्हते. सद्भावना होती, पैसा होता, त्या काळातले उत्तम तंत्रज्ञान होते. कमी पडले ते स्वच्छ हात आणि आपण चुकलो असू, हे मान्य करण्याची तयारी. या तपशिलांशिवाय आपण असे समजू की, त्या काळी साधनेच नव्हती. साधने होती, हे ठाऊक झाल्यावर त्या मृत्यूचा अर्थ अधिक जड होतो. यातनांचा आदर करायचा, तर त्या कशामुळे वाढल्या हे विचारावेच लागेल.

आणि हा प्रश्न विचारण्याचा उपयोग झाला का, यालाही तपशीलच उत्तर देतात. टॉमस ईकिन्स या चित्रकाराने १८७५ मध्ये शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. ग्रॉस यांचे भव्य चित्र काढले. त्यात डॉक्टर काळ्या रोजच्या कोटात आहेत. त्याच चित्रकाराने १८८९ मध्ये गारफिल्ड यांच्या उपचारांत सहभागी झालेल्या फिलाडेल्फियाच्या डॉ. अ‍ॅग्न्यू यांना रंगवले, तेव्हा सर्जन पांढऱ्या अंगरख्यात होते. हा बदल एका मृत्यूमुळे झाला असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे तुम्ही ज्याला नावे ठेवता तोच काकतालीय न्याय होईल. पण या चौदा वर्षांत एका पिढीने आपली सवय बदलली, एवढे त्यातून दिसते. शिकणे अर्धवट राहते, हेही मॅकिन्ली यांच्या मृत्यूने दाखवले. १९०१ मध्ये त्यांच्या पोटातली गोळी न मिळताच शस्त्रक्रिया थांबवली गेली. यावेळी डॉक्टरांनी जखम चिवडली नाही. पण बफेलोच्या ज्या प्रदर्शनात त्यांच्यावर हल्ला झाला, तिथेच क्ष-किरण यंत्र मांडलेले असूनही ते वापरले गेले नाही आणि आठव्या दिवशी मॅकिन्ली जखमेच्या आत पसरलेल्या कोथाने गेले.

म्हणून माझा आग्रह इतकाच आहे. किस्से सांगणाऱ्याने प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न विचारावा : हे असे का घडले, आणि हे ठाऊक नसते तर मी काय चुकीचे समजलो असतो? ज्या किश्श्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तो मोकळ्या मनाने सोडून द्यावा. लिंकन-केनेडी साम्यांची यादी पुन्हा सांगू नये. आणि गंभीर अभ्यासकाने तपशील बारीक आहे म्हणून तो झिडकारू नये. राज्य करणारी माणसे, कायदे आणि विचारप्रवाह यांनी इतिहास घडतो हे खरेच. पण त्यांची गाठ प्रत्यक्ष माणसाच्या आयुष्याशी पडते ती एखाद्या गादीच्या स्प्रिंगेपाशी, एखाद्या न धुतलेल्या बोटापाशी, डावी बाजूही तपासू द्या असे न म्हणण्याच्या एखाद्या क्षणापाशी. गारफिल्ड यांच्या बाबतीत मोठी कारणे आणि छोट्या गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. तसे करू पाहणारा इतिहास अधिक गंभीर होत नाही. तो आपल्याला चुकीचे उत्तर देतो आणि त्या उत्तरावर समाधानी राहायला शिकवतो.